बिनविरोध

नाशिककरांच्या राजकीय आठवणींत १९६३ सालच्या पोटनिवडणुकीला मानाचे स्थान आहे. चीनच्या आक्रमणानंतर, नोव्हेंबर १९६२ मध्ये, यशवंतराव बळवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे तेव्हापासून म्हटले जाते. मंत्र्याला संसदेचे सदस्यत्व हवे. ते नाशिक लोकसभा मतदारसंघाने दिले आणि बिनविरोध दिले. ना प्रचाराची राळ उडाली, ना मतपेटी उघडावी लागली. जिल्ह्याच्या औदार्याची ही कथा आमच्या धर्मग्रामांतील वडीलधारी माणसेही अभिमानाने सांगत आली आहेत. त्या अभिमानात आम्हीही वाटेकरी आहोत. परंतु निवडणूक बिनविरोध झाली म्हणजे उमेदवाराला कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही, आणि दारात आलेल्या उमेदवाराला जो प्रश्न विचारायचा असतो, तो विचारण्याची वेळ आमच्यावर आली नाही. तो प्रश्न आज, यशवंतरावांच्या निधनाला चार दशके उलटून गेल्यावर, आम्ही येथे मांडत आहोत. तो त्यांना आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, आम्हांलाच आहे.

या माणसाविषयी आकस धरून लिहिणे कठीण. १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे जन्म. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. विठाबाईंसारख्या निरक्षर पण खंबीर आईने वाढवलेला मुलगा. कराडच्या शाळेत असताना १९३२ साली झेंडा फडकावल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ साली पदवी, पुण्याहून १९४१ साली कायद्याची पदवी आणि मग कराडला वकिली. ही वकिली फार दिवस चालली नाही. बेचाळीसच्या चळवळीने त्यांना कोर्टाच्या पायऱ्यांवरून उचलून भूमिगतांत नेले, आणि १९४६ पासून ते जे सभागृहात गेले ते अखेरपर्यंत राजकारणाचेच राहिले. मात्र अंगावरचा कोट उतरला तरी वकिलाची नजर सुटत नाही. कायदा काय सांगतो एवढ्यावर न थांबता कायदा कोठे जागा ठेवतो हे पाहण्याची नजर त्यांच्यापाशी होती, आणि आमचा सारा वाद त्या नजरेशीच आहे. ती नसती तर आम्ही त्यांना दोष दिला नसता. अजाण माणसाकडून अपेक्षा कोण करतो?

त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या सहा वर्षांत ही नजर किती ठिकाणी दिसते ते पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले होते. ते वतन नष्ट करणारा कायदा तीस वर्षांनी, १९५८ साली, चव्हाणांच्या काळात झाला. गावच्या चावडीपुढे रात्रंदिवस राबवून घेणारी ती जुनी बेडी एका कायद्याने तुटली. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांच्या मुलांना शाळा-कॉलेजची फी माफ करणारी योजना त्यांचीच. ‘ई.बी.सी.चा फॉर्म’ ही तीन अक्षरे आमच्या किती घरांत प्रार्थनेच्या पुस्तकाइतकी जपली गेली, हे साठी ओलांडलेल्या वाचकांना सांगायला नको. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असले की पुरे. अर्जावर देऊळ विचारत नसत, मशीद विचारत नसत, चर्चही विचारत नसत. या एका योजनेने आमच्या समाजात शिक्षक, परिचारिका आणि कारकुनांची पहिली पिढी उभी राहण्यास जो हातभार लागला, त्याबद्दल यशवंतरावांचे ऋण आम्ही मान्य करतो, आणि ते कोणत्याही परिस्थितीत नाकारणार नाही.

त्यांच्या कीर्तीतली आणखी एक गोष्ट सर्वांच्या तोंडी आहे. महाराष्ट्र राज्य होऊ घातले तेव्हा ग. त्र्यं. माडखोलकरांनी विचारले होते की हे राज्य मराठी होणार की मराठा? चव्हाणांनी उत्तर दिले, मराठी. एका अक्षराच्या फरकात केवढा दिलासा होता! अनेकांनी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला. मराठी म्हणजे मराठी बोलणारा प्रत्येक जण, असाच त्याचा अर्थ. मग राहात्याच्या, संगमनेरच्या, श्रीरामपूरच्या मळ्यांत मजुरी करणारा, ओवीच्या चालीवर ख्रिस्ताची गाणी म्हणणारा, हरेगावच्या मातमाउलीला पायी जाणारा माणूस मराठी नव्हता काय? त्याच्याइतका मराठी माणूस शोधूनही सापडायचा नाही. त्याला दुसरी भाषा येतच नव्हती.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या दिवशी एक कायदेशीर पेच उभा राहिला. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने असे ठरवून टाकले होते की हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाबातील काही शीख जातींपुरता अपवाद होता. १९५६ साली तो सर्व शिखांना मिळाला. बौद्ध मात्र बाहेर राहिले. धर्म बदलला, गाव बदलले नाही, पाणवठा बदलला नाही, समोरच्याची नजर बदलली नाही. आणि शिष्यवृत्ती मात्र बंद. नवबौद्धांनी आवाज उठवला. १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेलेले, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापासून लढणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड या आवाजाच्या अग्रभागी होते. त्यांच्या रिपब्लिकन पक्षाने १९५९ साली नाशिक, नगर, खानदेश, मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हा सरकारला तुरुंग अपुरे पडले.

यशवंतरावांनी काय केले? राष्ट्रपतींचा आदेश बदलणे त्यांच्या हातात नव्हते. ते संसदेचे काम. पण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने राज्यांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी विशेष तरतुदी करण्याचा अधिकार दिलेला होता, आणि राज्याच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी जागा राखण्याचा अधिकार घटनेत पहिल्यापासूनच होता. त्या अधिकारात, राज्य स्थापन झाले त्या १९६० सालीच, चव्हाण सरकारने अनुसूचित जातींच्या राज्यस्तरीय सवलती नवबौद्धांना लागू केल्या. दिल्लीची वाट पाहिली नाही. दिल्लीला हे कळायला आणखी तीस वर्षे लागली. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत घेतले ते १९९० साली. यशवंतरावांच्या सबंध कारकिर्दीत याहून अधिक न्याय्य असा निर्णय आम्हांला दिसत नाही. आमच्या बौद्ध बांधवांना जे मिळाले त्यात आमचे काही हिरावले गेले असे आम्ही कधी म्हटले नाही आणि म्हणणार नाही.

आमचे म्हणणे इतकेच की ज्या कायद्याच्या फटीतून ती वाट निघाली, ती फट बौद्ध या शब्दाच्या मापाची नव्हती. आदेशातून बौद्ध ज्या वाक्याने वगळले गेले, त्याच वाक्याने ख्रिस्तीही वगळले गेले होते. गावकुसाबाहेर एकाच ओळीत दोन झोपड्या. एकीतला माणूस १९५६ साली नागपूरला गेला, दुसरीतल्या माणसाचा आजा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेऊन बसलेला. दोघांची मुले एकाच शाळेत, एकाच कोपऱ्यात बसत होती. राज्य सरकारचा माणूस आला आणि एका झोपडीच्या दाराशी थांबला. दुसरीच्या दारावर खडूने क्रूस काढलेला होता, म्हणून तो पुढे गेला. याला कायद्याची सक्ती नव्हती; ती निवड होती. मराठी राज्याने आपल्या पहिल्याच वर्षी केलेली निवड.

पुढच्या हिशेबातही तीच रेघ राहिली. चव्हाणांच्या काळात १९६१ साली नेमलेल्या बी. डी. देशमुख समितीने १९६४ साली अहवाल दिला. त्यानुसार राज्याने ज्या ३४ टक्के जागा राखल्या, त्यांत १३ टक्के अनुसूचित जाती व त्यांतून बौद्ध झालेल्यांसाठी होत्या. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना राज्याने कालांतराने इतर मागासवर्गीयांत बसवले. ज्याचा आजा मेलेली गुरे ओढत होता, त्याच्या नातवाला शेकडो जातींच्या त्या मोठ्या रांगेत, बलुतेदार आणि बागाईतदारांच्या मागे, उभे केले.

येथे एक कडू सत्य सांगितले पाहिजे, कारण ते आमच्या काही वाचकांना ठाऊक नसावे. ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातींच्या यादीतून वगळण्याची कल्पना १९५० साली दिल्लीत जन्मलेली नाही. ती १९३६ ची. इंग्रज सरकारने अनुसूचित जातींची पहिली यादी काढली तेव्हाच कोणताही भारतीय ख्रिस्ती माणूस या यादीत धरला जाणार नाही, असे कलम घातले होते. रविवारी चर्चला जाणाऱ्या राज्यकर्त्यांनी! तेव्हा परकीय सत्तेचे लाडके म्हणून आम्हांला हिणवणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. साहेबाने आम्हांला बाहेर काढले आणि स्वराज्याने साहेबाचे कलम थोडे रंगवून कायम ठेवले.

त्याच १९६० सालची एक तुलना मनात येते. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी जॉन केनेडी हा कॅथोलिक उमेदवार प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेपुढे उभा राहिला आणि आपण कॅथोलिक पक्षाचे नव्हे तर डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार आहोत, हे त्याला समजावून सांगावे लागले. आमच्या नियतकालिकांतून आणि प्रवचनांतून या प्रसंगाचे भारावून वर्णन झालेले आहे. केनेडींची तसबीर आमच्या किती बैठकीच्या खोल्यांत पवित्र हृदयाच्या शेजारी लटकलेली असे! पण केनेडींपुढे होता तो संशय. अमेरिकेच्या कायद्यात कॅथोलिकाला मज्जाव करणारी ओळ नव्हती. आमच्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचे) कॅथोलिक शेतमजुराविरुद्ध तशी ओळ छापील होती. त्याच्यासाठी आम्ही कोणती तसबीर लावली?

यशवंतराव नाशिकचे खासदार असताना, १९६४ साली, ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. नाशिकरोडचे छापखाने आणि देवळालीची लष्करी छावणी तर होतीच. या कामांच्या ओढीने नगर जिल्ह्यातली आणि येवला-मनमाडकडची आमची माणसे शहराकडे सरकली; आजची आमची शहरी धर्मग्रामे बऱ्याच अंशी त्यांच्यावर उभी आहेत. विमानाचा कारखाना म्हणजे केंद्राची नोकरी, केंद्राची नोकरी म्हणजे राष्ट्रपतींच्या आदेशाचा नियम. आमचा मुलगा आयटीआय होऊन गेटवर उभा राहिला तेव्हा त्याच्या दाखल्यावर ख्रिश्चन हा शब्द होता, आणि त्या शब्दाने तो खुल्या वर्गात, म्हणजे कराडच्या आणि कोथरूडच्या वकिलांच्या मुलांच्या पंगतीत, जाऊन बसला. केवढा हा सन्मान! त्याच्या बापाला मात्र गावात अजून त्या पंगतीत कोणी बसवत नव्हते.

मग काही घरांनी दोन नावांची तोड काढली. चर्चच्या वहीत पीटर, शाळेच्या वहीत प्रकाश. घरात मातमाउलीची मूर्ती, दाखल्यावर हिंदू महार किंवा हिंदू मांग. हे आम्हां सर्वांना ठाऊक आहे आणि त्याविषयी आम्ही कुजबुजीत बोलतो. वेदीवरून या घरांना दुटप्पी म्हणून कोरडे ओढले गेल्याचेही आम्ही ऐकले आहे. आम्हांला विचारायचे आहे, दुटप्पी कोण? भुकेच्या पोटी दोन नावे धारण करणारा की एकाच माणसाला देवापुढे पुत्र आणि सरकारपुढे उपरा ठरू देऊन गप्प बसणारी ख्रिस्तसभा?

कारण यशवंतरावांवर जो आरोप आम्ही ठेवतो त्याचे दुसरे टोक आमच्याकडेच वळते. दादासाहेब गायकवाड मागत होते. आमच्या बाजूने कोण मागत होते? राजकारणी माणूस हा हवेचा दाब ओळखणारा माणूस असतो. नवबौद्धांचा दाब त्याला जाणवला. हा न्याय न देणे महाग पडेल, हे त्याने ओळखले. आमचा दाब शून्य होता. आम्ही शाळा चालवत होतो, दवाखाने चालवत होतो, दुष्काळात धान्य वाटत होतो आणि त्या बदल्यात प्रशस्तिपत्रे घेत होतो. आमच्याच पाठच्या बाकांवर बसलेल्या माणसासाठी सरकारदरबारी हक्काची भाषा बोलणे आम्हांला जड जात होते. त्याची तीन कारणे आमच्या पंचमंडळांत आजही ऐकू येतात, आणि तिन्हींचा समाचार घेतलाच पाहिजे.

पहिले कारण धार्मिक वेषात येते. बाप्तिस्म्याने जात गेली. आता जातीच्या नावाने सवलत मागणे म्हणजे बाप्तिस्मा नाकारणे. ऐकायला हे फार उदात्त वाटते. पण बाप्तिस्म्याने आमचे पाप धुतले जाते, शेजाऱ्याचे डोळे धुतले जात नाहीत. पौलाने ज्या मंडळीला लिहिले की ख्रिस्तात यहुदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, त्या मंडळीतला दास पत्र ऐकून घरी गेला तेव्हा दासच होता. त्याच्या मालकाला काही ते पत्र आलेले नव्हते. शीख धर्म जात मानत नाही, बौद्ध धम्म जात मानत नाही. त्यांच्या गुरूंच्या शिकवणुकीला सवलतीने बाध आला असे कोणी म्हणत नाही. मग आमचाच धर्म एवढा नाजूक का असावा?

दुसरे कारण असे की आमच्यात जात नाहीच. हे वाक्य म्हणणारा कोणत्या गावाहून आला आहे ते आधी पाहावे. आमच्या शहरी धर्मग्रामांत गोव्याचे, मंगळूरचे, वसईचे आणि नगरचे श्रद्धावंत एकाच मिस्सेला बसतात. मिस्सा संपल्यावर कोणाची लग्ने कोणाशी जुळतात हे ज्याला पाहायचे त्याने एक मोसम लग्नाच्या हाका ऐकाव्यात. भारतीय बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि ख्रिस्तसभेत जातिभेद आहे हे उघड कबूल केले. देशाच्या इतिहासातला पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, झाला तो २०२२ साली. इतक्या उशिरा आलेल्या पहिलेपणाचा आनंद मानावा की संकोच, हे ज्याचे त्याने ठरवावे. बिशपांनी जे कबूल केले ते पंचमंडळाने नाकारण्यात काय हशील?

तिसरे कारण बोलले जात नाही, पण सर्वांत बळकट तेच. ज्यांच्या घरी चार पिढ्यांचे इंग्रजी आहे, त्यांना हा प्रश्न आपला वाटत नाही. गुणवत्तेवर मिळवावे, असे ते म्हणतात, आणि आपल्या पाल्याला आपल्याच संस्थेच्या शाळेत अल्पसंख्याक म्हणून प्रवेश मिळाला हे सोयीस्करपणे विसरतात. अल्पसंख्याकाचा हक्क घेताना घटना गोड लागते. मागासलेल्याचा हक्क निघाला की गुणवत्ता आठवते. यापेक्षा स्पष्ट शब्द आम्हांला वापरता येतील, पण हे घराघरांत जाणारे त्रैमासिक आहे.

न्यायालयांत काय झाले? मद्रासच्या रस्त्याकडेला बसून चपला शिवणाऱ्या सूसाई नावाच्या ख्रिस्ती चर्मकाराचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सरकारने त्या रस्त्यावरच्या हिंदू चर्मकारांना फुकट टपऱ्या दिल्या; हा त्यांच्याच रांगेत बसत होता, तीच आरी, तोच दाभण, पण ख्रिस्ती म्हणून त्याला टपरी नाही. १९८५ साली निकाल लागला, तो त्याच्या विरुद्ध. ख्रिस्ती झाल्यावरही त्या जातीच्या लोकांना तितक्याच तीव्रतेने तेच सामाजिक हाल सोसावे लागतात, हे पुराव्याने न्यायालयापुढे आलेले नाही, असे त्या निकालाचे सार. २००७ साली न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली; सरकारने ती स्वीकारली नाही. २००४ साली दाखल झालेली याचिका वीस वर्षे उलटल्यावरही निकालाविना होती. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग आला, त्याला दोन वर्षांची मुदत होती, ती वाढवावी लागली. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्यक्षात ख्रिस्ती राहून केवळ नोकरीच्या लाभासाठी हिंदू म्हणवून घेणे म्हणजे घटनेची फसवणूक होय, असा निर्वाळा दिला. त्या दोन नावांच्या घरांपुढे आता ही तलवारही टांगलेली आहे. कायद्याने त्यांना एका दाराने बाहेर काढले आणि दुसऱ्या दाराने आत आल्याबद्दल गुन्हेगार ठरवले.

शिष्यवृत्ती आणि नोकरी यांपुरतेच हे प्रकरण नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कवच आमच्या माणसाला मिळत नाही. मारणारा त्याला जातीवाचक शिवी देऊन मारतो, आणि पोलीस ठाण्यात त्याची जात विचारली की तो ख्रिश्चन निघतो. राखीव मतदारसंघांची गोष्ट तर आणखी विचित्र. ज्या श्रीरामपूर तालुक्यात हरेगावची मातमाउली आहे, तो विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तो ज्यात मोडतो तो शिर्डी लोकसभा मतदारसंघही राखीव. इकडे देवळाली राखीव. म्हणजे आमची दलित कॅथोलिक वस्ती जेथे दाट आहे, नेमके तेथेच त्या वस्तीतल्या माणसाला उमेदवारी अर्ज भरता येत नाही. सप्टेंबरच्या यात्रेत व्यासपीठावर येऊन मातमाउलीला हार घालणारे पुढारी आम्ही दरवर्षी पाहतो. त्या जागेसाठी त्यांना आमच्यातला कोणी स्पर्धक होऊच शकत नाही, या निश्चिंतीने त्यांचे हात जोडलेले असतात.

यशवंतराव १९६२ पासून १९७७ पर्यंत केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र अशी सर्व मोठी खाती सांभाळत होते; १९७९ साली अल्पकाळ उपपंतप्रधानही झाले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. या सर्व वर्षांत तिसरा परिच्छेद जसाच्या तसा राहिला. मुंबईत असताना ज्या वकिलाने दिल्लीच्या आदेशाला वळसा घालून न्याय दिला, तो दिल्लीत गेल्यावर त्या आदेशाकडे वळला नाही. त्यांचे चाहते म्हणतील, एकट्या मंत्र्याच्या हाती काय असते? ठीक आहे. पण १९६० साली मुख्यमंत्र्याच्या हाती होते, आणि तेथे मंत्रिमंडळ त्यांचेच होते. यशवंतरावांच्या जयंतीला आमच्या एखाद्या शाळेत भाषण करायला उभा राहणारा वक्ता त्यांच्या सुसंस्कृतपणाचे, ग्रंथप्रेमाचे, ‘कृष्णाकाठ’चे गोडवे गाईल तेव्हा त्याने हेही सांगावे. मुलांना कळते.

आता आमच्या पंचमंडळांपुढे एक सूचना ठेवतो. दर १० ऑगस्टला आम्ही काळा दिवस पाळतो. काळ्या फिती लावतो, फलक धरतो, छायाचित्र काढतो आणि घरी जातो. येत्या १० ऑगस्टला फितींबरोबर आणखी एक काम व्हावे. सूसाईच्या निकालाने पुरावा मागितला होता. तो पुरावा आमच्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे. प्रत्येक घराने आजोबांचा शाळेचा दाखला, वडिलांचा दाखला आणि मुलाचा दाखला, असे तीन कागद मिस्सेनंतर सभागृहात आणावेत. कोणत्या पिढीच्या जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे, कोणी कोणती शिष्यवृत्ती मागितली आणि ती कोणत्या कारणाने नाकारली गेली, गावात पाणी कोठून भरत होते आणि माती कोठे दिली जात होती, हे धर्मगुरूंनी नव्हे तर त्या घरातल्या माणसाने स्वतः सांगावे आणि एखाद्या तरुण वकिलाने ते प्रतिज्ञापत्राच्या भाषेत उतरवून घ्यावे. असे वकील आता आमच्यात आहेत, ई.बी.सी.च्या फॉर्मवर शिकलेल्यांची ती नातवंडे आहेत. ज्यांची मुळे गोव्यात किंवा मंगळुरात आहेत त्यांनी त्या दिवशी खुर्च्या मांडाव्यात, चहा करावा आणि ऐकावे. कागदांच्या प्रती काढून एक संच धर्मप्रांताच्या कचेरीत आणि एक संच जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोच घेऊन द्यावा. ज्या घरांच्या दाखल्यावर हिंदू लिहिलेले आहे, त्यांचे कागद मात्र त्यांच्या संमतीवाचून कोणीही पुढे करू नयेत आणि त्यांच्याकडे बोटही दाखवू नये.